सातांपैकी सहा

गटचर्चा घडवून आणण्याची कला मी शिकलो असं म्हणणं बरोबर नाही. ती माझ्या वाट्याला आली. नगरपालिकेच्या नकाशे विभागात आम्ही आठ जण. शहराच्या पोटातून जाणाऱ्या गटारांचे आणि नळांचे नकाशे काढायचे, ते जपायचे, आणि कुणी न विचारता रस्ता खणला की 'आधी विचारायला हवं होतं' असं पत्र पाठवायचं, हे आमचं काम. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला एक माणूस पाठवा, असं वरून आलं तेव्हा हेडक्लार्कांकडे पाहुणे होते, मोजणीदारांच्या मेव्हण्याचं लग्न होतं, टायपिस्ट बाईंच्या मुलाची परीक्षा होती, आणि दोघा आरेखकांपैकी एकाला ताप होता व दुसरा त्याच्याशिवाय कुठे जात नसे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे सांगायला कारण नव्हतं. कारणं घरच्या माणसांमुळे तयार होतात, आणि माझ्या घरी मी एकटाच.

तिथे कळलं की चर्चा घडवून आणणाऱ्याला 'सुलभक' म्हणतात. प्रशिक्षण संपवून परत आलो तर टेबलावर नेमणुकीचा आदेश: 'आपली विभागाचे सुबक म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे.' टायपिस्ट बाईंकडून एक अक्षर राहिलं होतं आणि एक बदललं होतं. मी एकोणपन्नास वर्षांचा, डोक्याच्या मधोमध टक्कल, चालताना किंचित डावीकडे कलतो. त्या आठवड्यात पाणीपुरवठा, दिवाबत्ती आणि उद्यान अशा तिन्ही विभागांतले लोक काही ना काही निमित्त काढून मला बघून गेले. मी दुरुस्तीसाठी अर्ज केला. तीन आठवड्यांनी शुद्धिपत्रक आलं: 'सुबक ऐवजी सुलभ असे वाचावे.' मी पुन्हा अर्ज केला नाही.

प्रशिक्षण मात्र चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज इतका मऊ होता की वर्गातले दोन जण पहिल्या दिवशी रडले आणि एक झोपला. त्यांनी सांगितलं की कुठलाही गट आधी जमतो, मग त्याची जुंपते, मग जुळतं, आणि तेव्हा कुठे काम होतं. सुलभकानं जुंपण्याला घाबरायचं नाही. स्वतःचं मत द्यायचं नाही. गटाचे शब्द जसेच्या तसे कागदावर लिहायचे. सुलभक जितका कमी दिसेल तितका चांगला. हे ऐकून मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला येत असलेल्या गोष्टीचा अभ्यासक्रम निघाला होता.

दोन महिन्यांनी परिपत्रक आलं. शहराबाहेर, बसचा शेवटचा थांबा संपल्यावर पुढे वीस मिनिटं चालून, पंपघराशेजारी नवं उपकार्यालय निघणार होतं. आमच्यातल्या एकाला कायमचं तिथे जायचं होतं. कोण, ते कर्मचाऱ्यांनी आपसांत खुल्या चर्चेनं ठरवावं, आणि चर्चा प्रशिक्षित सुलभकानं घडवून आणावी.

शेजारी ही एक मोठी शक्ती आहे. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर उभेच होते.

"चर्चा घेताय म्हणे," ते म्हणाले. "एक लक्षात ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत एकाला बाहेर काढायचं. कुणालाही. बाकीचे आपोआप गप्प."

"मला त्यांना बोलतं करायचंय, सर."

"कशाला?" हेडमास्तरांनी अगदी मनापासून विचारलं.

समोरच्या वहिनींचं म्हणणं वेगळं. "भावजी, आधी खायला घाला. तोंड भरलेलं असलं की माणूस वाईट बोलत नाही." त्यांनी बिस्किटांचे दोन पुडेही काढून दिले. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "तू चर्चा घेणार? आपल्या घरी जेवायला काय करायचं हे ठरत असताना तू नेहमी गॅलरीत असायचास." बहिणी आपल्याला इतकं जवळून ओळखतात, हे काही बरं नाही.

तयारीला लागलो. बैठकीची खोली जनसंपर्क विभागाच्या ताब्यात होती. सात दिवस आधी अर्ज लागायचा, आणि अर्ज घेणारे गृहस्थ आठ दिवसांच्या रजेवर होते. मोठे कोरे कागद मागितले तर भांडार विभागानं लेखी कळवलं की नकाशे विभागाला कागद नकाशांसाठी मिळतात, विचारांसाठी नाही. शेवटी रद्द झालेल्या गटार-नकाशांच्या पाठीमागच्या बाजूवर लिहायचं ठरवलं. कागद पातळ होता, पलीकडच्या रेघा इकडे दिसत. 'आपल्या अपेक्षा' असं वर ठळक लिहिलं, ते नेमकं बाजारपेठेच्या मोठ्या गटारावर आलं.

बसायचं आमच्याच दालनात. गोल करून बसा, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं, म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. पण दालनाच्या मधोमध नकाशांचं लोखंडी कपाट आहे, छातीएवढं उंच आणि हत्तीएवढं जड. खुर्च्या त्याच्याभोवती मांडल्या. गोल झाला, पण अर्ध्या लोकांना उरलेले अर्धे दिसेनात.

"हे बरंय," मोजणीदार म्हणाले. "तोंडं न बघता स्पष्ट बोलता येईल."

ते लांबलचक, घसा मोठा, आणि जिथे असतील तिथे सभा असल्यासारखे बोलतात. त्यांच्या बाजूला हेडक्लार्क आणि टायपिस्ट बाई, पुढे दोघे आरेखक, एकमेकांना चिकटून. कपाटापलीकडे शिपाईमामा आणि रेकॉर्डवाले. रेकॉर्डवाले म्हणजे तळघरातल्या जुन्या नकाशांचे राखणदार. पंधरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून एकूण दोनेक पानं भरतील इतकं बोलणं ऐकलं असेल. साहेब चर्चेला नव्हते. साहेब असले की चर्चा होत नाही, हे त्यांना स्वतःलाच माहीत आहे.

सुरुवातीला प्रत्येकानं आपल्याबद्दल इतरांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगायची, असा खेळ घेतला. मोजणीदारांनी वीस मिनिटं घेतली, आणि ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. हेडक्लार्क म्हणाले, मला कारल्याची ॲलर्जी आहे. आरेखकांपैकी एक बोलला आणि दुसऱ्यानं 'माझंही तेच' म्हटलं. माझी पाळी आलीच नाही. सुलभकाची पाळी नसते. मी आपली आदल्या दिवशी आरशासमोर तयारी केली होती. या शहरातल्या प्रत्येक घराचं पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते मला तोंडपाठ आहे, पण त्यातल्या एकाही घरी मला कुणी कधी चहाला बोलावलेलं नाही, असं मी सांगणार होतो. वाक्य चांगलं बसलं होतं. ते तसंच परत नेलं.

मग मुद्द्यावर आलो. कुणी जायचं हे थेट विचारायचं नाही, आधी निकष ठरवायचे, असं शिकवलं होतं.

"ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना पाठवू नये," टायपिस्ट बाई म्हणाल्या. मी लिहिलं.

"ज्यांच्या घरी आजारी आईवडील आहेत त्यांना नाही," हेडक्लार्क म्हणाले. लिहिलं.

"दोन वर्षांत रिटायर होणारा माणूस हलवू नये," कपाटामागून शिपाईमामा.

दोघा आरेखकांनी आपसांत कुजबुजून सांगितलं की ज्यांचं काम जोडीनं चालतं त्यांना तोडू नये. मोजणीदारांनी गुडघ्यांचा मुद्दा मांडला. "माझे गुडघे ही माझी खासगी बाब नाही," ते म्हणाले. "ती विभागाची मालमत्ता आहे." तेही लिहिलं, कारण शब्द जसेच्या तसे लिहायचे असतात. कपाटापलीकडून थोड्या वेळानं रेकॉर्डवाल्यांचा आवाज आला, "रेकॉर्ड सोडून कुठं जाणार." मी 'रेकॉर्ड' लिहिलं आणि मागे सरकून कागदाकडे पाहिलं. चर्चा छान चालली होती. सगळे बोलत होते, कुणी कुणाला तोडत नव्हतं. मोठ्या समाधानानं मी वरून खाली वाचत आलो आणि शेवटच्या ओळीशी माझ्या लक्षात आलं की प्रत्येक निकषानं एकेक माणूस सुटला आहे, आणि सुटायचा फक्त मी राहिलो आहे.

खोलीत शांतता पसरली. शांतता पडली तर मनात दहा आकडे मोजा, असं बाईंनी सांगितलं होतं. मी चाळीस मोजले.

"वाईट वाटून घेऊ नका," टायपिस्ट बाई शेवटी हळूच म्हणाल्या. "पण तुमची घरी वाट बघणारं असं कुणी नाही ना."

"आणि तुम्ही कुठेही रुळता," हेडक्लार्क म्हणाले.

"स्वभाव शांत आहे," मोजणीदार.

"कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत," आरेखक. "अगदी," दुसरा आरेखक.

पंधरा वर्षांत या लोकांनी माझी स्तुती केली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी ऐकायला मिळतं ते सगळं मला नऊ वर्षं आधीच, पाच मिनिटांत मिळालं. यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. पण सुलभकानं मत द्यायचं नसतं. गटाचं म्हणणं स्वच्छ शब्दांत परत मांडून विचारायचं असतं. तसं मी विचारलं, "गटाला असं म्हणायचंय का, की मी गेलो तर इथे कुणाला फारशी उणीव भासणार नाही?"

"तसं नाही हो," टायपिस्ट बाई म्हणाल्या. मग कसं, ते कुणी सांगितलं नाही.

मी 'घरी वाट बघणारं कुणी नाही' असं लिहिलं. शब्द जसेच्या तसे. अक्षर माझं बरं आहे. त्याखाली माझं नाव लिहिण्यासाठी वळलो आणि कागदाकडे तोंड करूनच म्हणालो, "ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत. मामा, मोजा."

मागे खुर्च्या करकरल्या. "सहा," शिपाईमामा म्हणाले. मी वळलो तोवर हात खाली गेले होते.

सातांपैकी सहा. एकानं हात वर केला नव्हता. वेगळं मत असलेल्या माणसाला आवर्जून बोलतं करावं, हा प्रशिक्षणातला फार महत्त्वाचा धडा. तो मी टाळला. विचारलं असतं आणि तो बिचारा संकोचून हात वर करता झाला असता, तर सात झाले असते. मला सहाच हवे होते. 'उपस्थित सात, अनुकूल सहा, सुलभक तटस्थ,' असा अहवाल लिहून साहेबांकडे नेला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तुम्ही तटस्थ राहिलात हे फार चांगलं केलंत."

ताईनं फोनवर विचारलं, "तू काहीच बोलला नाहीस?"

"मला बोलायचं नसतं."

"कधीपासून?" ती म्हणाली.

इमारतीत बातमी पसरली आणि मदतीला ऊत आला. पंपघरापाशी राहायला एक खोली मिळणार होती, त्यात सामान मावणार नव्हतं. हेडमास्तरांनी माझा पलंग ठेवून घेतला, त्यांच्या पाठीला तो मानवेल म्हणून. वहिनींनी कुंड्या नेल्या. वर्तमानपत्र बंद केलं, दूध बंद केलं. रविवारी गच्चीवर निरोपाचा कार्यक्रम झाला. हेडमास्तर माझ्याबद्दल सव्वा तास बोलले आणि त्यातला एक तास स्वतःच्या शाळेबद्दल. बत्तीस बिऱ्हाडांच्या सह्या असलेलं कार्ड मिळालं. त्यातल्या निम्म्यांनी माझं नाव त्या दिवशी प्रथम ऐकलं असावं; एकानं तर 'आपल्या दोघांना शुभेच्छा' असं लिहिलं होतं.

बुधवारी आदेश आला. उपकार्यालयात मोजणीदारांची बदली. आदेशावरची तारीख आमच्या चर्चेच्या दीड महिना आधीची होती. खाली एक ओळ: 'कर्मचाऱ्यांच्या गटचर्चेचा अहवाल अभिलेखार्थ प्राप्त झाला.' म्हणजे आमचा अहवाल फायलीत ठेवण्यासाठी हवा होता, आणि तो ठेवला गेला.

मोजणीदार साहेबांच्या खोलीत तासभर गुडघ्यांविषयी बोलले. साहेब म्हणाले, पंपघरापाशी जमीन सपाट आहे. दुसऱ्या सोमवारी मोजणीदार गेले. मी घरी गेलो, रिकाम्या खोलीत सतरंजीवर बसलो, आणि मला आनंद का होत नाही याचा विचार करू लागलो. गेलो असतो तर बरं होतं. नवी जागा, नवे लोक, त्यांना काही माहीत नसतं. आता त्याच दालनात, त्याच कपाटाशेजारी, माझी घरी वाट बघणारं कुणी नाही हे स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून ठेवलेला मी रोज साडेदहाला जाऊन बसणार होतो.

इमारतीतही तेच. निरोप घेतलेला माणूस जिन्यात रोज भेटावा, हे कुणालाच आवडत नाही. लोक नजर चुकवत. एका काकांनी तर "अजून इथेच?" असं विचारलं, आणि त्यात रागापेक्षा फसवणूक झाल्याचं दुःख जास्त होतं. पलंग मागायला गेलो तर हेडमास्तर त्यावर आडवे होते. "तीस वर्षांत पहिल्यांदा पाठ सरळ झालीय," ते म्हणाले. मी सतरंजीची सवय करून घेतली. वहिनींनी कुंड्या परत आणल्या, पण त्यातली झाडं आता त्यांच्याच गॅलरीकडे वळून वाढत होती.

त्या दिवसांत मला एकच चाळा लागला. तो सातवा कोण? जेवताना, दाढी करताना, बसमध्ये, मी तेच घोळवायचो. या विभागात एक माणूस असा आहे ज्याला मी जाऊ नये असं वाटलं. तो कोण हे कळलं की बाकीच्या सहांचं मला काही वाटणार नव्हतं. मला खात्री होती की टायपिस्ट बाईच असणार. बोलल्या त्या पहिल्या, पण बोलताना त्यांचा आवाज कापला होता. मी त्यांच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय दुरुस्त करून दिला. खिडकीतलं ऊन त्यांच्या डोळ्यांवर येई, तिथे जुना नकाशा लावून दिला. चौथ्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "तुम्ही इतकं करता आणि मी त्या दिवशी हात वर केला. मला झोप येत नाही हो."

मी म्हटलं, चालायचंच.

त्यांनी बहुधा हे सगळ्यांना सांगितलं असावं, कारण त्यानंतर एकेक जण येऊ लागला. हेडक्लार्क आले, खुर्ची जवळ ओढली आणि आपण हात वर केला पण अर्धाच, असं म्हणाले. आरेखक दोघे मिळून आले. दोघांचे दोन हात, यात शंका नव्हतीच. मोजणीदारांनी पंपघराहून फोन केला आणि इथे डास फार आहेत, तुम्हीच यायला हवं होतं, असं कळकळीनं सांगितलं. शिपाईमामा म्हणाले, "मोजणाराच मी. माझा धरून सहा." प्रशिक्षणात सांगितलं होतं, सुलभक नीट ऐकतो असं दिसलं की लोक मन मोकळं करतात. सगळ्यांची मनं मोकळी झाली. माझं जड होत गेलं.

राहिले रेकॉर्डवाले.

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या सुमाराला बिस्किटांचा पुडा घेऊन तळघरात उतरलो. ते जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये स्टुलावर बसून डाव्या हातानं सूची लिहीत होते. मी समोर उभा राहिलो.

"आभार मानायचे होते," मी म्हणालो.

"कशाचे?"

"त्या दिवशी तुम्ही हात वर केला नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ आठवलं. "हात वर जातच नाही," ते म्हणाले. "खांदा धरलाय. सहा महिने झाले."

"उजवा?"

"उजवा."

"मग डावा होता ना?"

"डाव्या हातात चहा होता."

मी पुडा टेबलावर ठेवला. खरं तर तसंच वर निघून जायचं, पण पाय निघेना, म्हणून विचारलं, "नाहीतर केला असता?"

"केला असता," रेकॉर्डवाले म्हणाले. "सगळे करत होते." मग थोडं थांबून, "तुम्हाला वाईट वाटलं असतं का?"

महिनाभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी येऊन स्वतःला किती वाईट वाटतंय ते सांगितलं होतं. मी त्यांच्याशेजारी एका गुंडाळीवर बसलो आणि म्हणालो, "हो. वाटलं असतं. सहांचंही वाटलं."

त्यांनी मान हलवली. आम्ही एकेक बिस्कीट खाल्लं. तळघरात वरच्या नळाचं पाणी ठिबकत होतं आणि ते कुठून येतंय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. निघताना ते कोट घालू लागले. डावी बाही गेली, उजवी जाईना. मी कोट धरला आणि त्यांचा दंड हलकेच उचलून बाहीत घातला. दंड हडकुळा होता आणि गरम. शेवटचं असं कुणाला धरलं ते मला आठवेना.

"व्यायाम सांगितलाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी हात धरून हळूहळू वर न्यायचा. रोज दहा वेळा."

"मग?"

"घरी दुसरं कोण आहे?"

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता मी तळघरात जातो. ते भिंतीला पाठ लावून उभे राहतात, मी मनगट आणि कोपर धरून हात वर नेतो. ते "बस" म्हणाले की थांबतो, आकडे मोजतो आणि खाली आणतो. बोलणं फार होत नाही. परवा मात्र दोन खेपांच्या मध्ये ते म्हणाले, "रविवारी चहाला या घरी. घर तुम्हाला माहीतच असेल, आमची लाइन तुम्हीच काढलीय." गेलो होतो. चहा पाणचट होता.

हात आता कानापर्यंत येतो. डॉक्टर म्हणतात, अजून दोन महिन्यांत पूर्ण वर जाईल. मग माझ्याविरुद्ध मत द्यायला ते मोकळे.